डाइव्ह कॉम्प्युटरमधलं 40/85 बदलून 30/70 केलं, तर वर येताना काय फरक पडतो?

मित्र 30/70 करायला सांगतोय आणि तुम्हाला आधी हे आकडे, म्हणजे ग्रेडियंट फॅक्टर, समजून घ्यायचेत, हे फार बरं केलंत.

खोलीवर श्वासातला नायट्रोजन अंगात मुरत जातो. स्विस डॉक्टर ब्युलमान यांच्या गणितात शरीराचे 16 कप्पे धरलेत, काही झटपट भरणारे, काही संथ. वर येताना प्रत्येक कप्प्याला किती जादा दाब सोसतो याची एक हद्द आहे. त्या हद्दीच्या किती टक्क्यांपर्यंत जायचं, ते तुमचे आकडे ठरवतात. पहिल्यावरून पहिला डेको स्टॉप, म्हणजे नायट्रोजन निघून जावा म्हणून वर येताना घ्यायचा थांबा, किती खोल ते ठरतं. दुसऱ्यावरून पाण्याबाहेर डोकं काढताना हद्दीच्या किती जवळ असाल ते.

म्हणजे डेको स्टॉप न लागणाऱ्या साध्या डाइव्हला पहिल्या आकड्याने जवळपास काहीच बदलत नाही. तिथे दुसराच राज्य करतो. 85 चं 70 केलंत की तळावरचा वेळ कमी होतो, आणि तरी रेंगाळलात तर स्टॉप लागतो.

अंदमानातल्या हॅवलॉक बेटाजवळ (आता स्वराज द्वीप) डिक्सन्स पिनॅकल या डाइव्हच्या जागी माझं 35/75 होतं, बडीचं, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराचं, 45/95. साधारण 28 मीटरवर माझ्या स्क्रीनवर डेको स्टॉप लागायला 1 मिनिट उरलं, त्याच्यावर 6. तो माशांच्या थव्याकडे बोट दाखवत होता, मी अंगठा वर केला, म्हणजे ‘वर चल’ अशी खूण. तो निमूटपणे सोबत आला. ज्याचा कॉम्प्युटर कडक, त्याचं ऐकायचं. तेव्हापासून बोटीवरच दोघांची सेटिंग्ज ताडून बघतो.

हवेचा हिशेबही लगेच करा. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर लागत असतील तर 5 मीटरवर 30 लागतात. 8 मिनिटांचा स्टॉप म्हणजे 240 लिटर, 12 लिटरच्या टँकमधले 20 बार. हे राखून ठेवलेल्या हवेतून नाही, आधीच बाजूला काढायचे.

पहिला आकडा 30 करायला मात्र माझा विरोध आहे. अमेरिकन नौदलाने 170 फुटांच्या डाइव्हवर दोन वेळापत्रकं तपासली, अहवाल 2011 चा. एकूण स्टॉपचा वेळ सारखाच, पण एकात स्टॉप खोल होते. त्या गटात बेंड्स (नायट्रोजनचे बुडबुडे होऊन होणारा त्रास) जास्त झाले, कारण खोल थांबल्यावर संथ कप्पे भरतच राहतात. म्हणून सावध व्हायचंय ना, तर 40 तसंच ठेवा आणि 85 चं 75 करा.

आणि स्टॉप नकोसा झाला म्हणून पाण्याखाली आकडा सैल करू नका, काही कॉम्प्युटर तेही करू देतात. हॅवलॉकला काही झालं तर बेंड्सवर उपचाराचं दाबाचं चेंबर पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम), नौदलाच्या रुग्णालयात, म्हणजे त्या अवस्थेत समुद्र ओलांडून जायचं. आज घरीच कॉम्प्युटरच्या प्लॅनरमध्ये 28 मीटर टाका आणि दोन्ही सेटिंग्जवर किती मिनिटं मिळतात ते लिहून काढा.