काठिण्य, कडकपणा की चिवटपणा?

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलंय : मुलगी मेकॅनिकल डिप्लोमाला आहे. तिच्या नोट्समध्ये 'हार्डनेस' आणि 'टफनेस' या दोन्हींसमोर 'कठीणपणा' लिहिलंय. रबाळे एमआयडीसीत ट्रेनिंगला गेली, तर तिथले फिटर 'जॉब (म्हणजे हातातला धातूचा तुकडा) कडक झालाय' म्हणतात. मग बरोबर शब्द कोणता?

ताई, हार्डनेसला काठिण्य म्हणा आणि टफनेसला चिवटपणा. दोन्हींना एकच शब्द वापरणं मला फार खटकतं, कारण पोलादात एक वाढला की दुसरा बहुतेकदा घटतो.

मुलीला वर्कशॉपमधली कानस हातात घ्यायला सांगा. साध्या लोखंडावर घासली तर लोखंडाचा कीस पडतो, कानशीला काही होत नाही. पण तीच कानस फरशीवर जोरात आपटली तर काडकन दोन तुकडे होऊ शकतात. बांधकामाची सळई बरोबर उलटी. कानशीने ती सहज खरवडते, पण वाकवा, ठोका, मोडता मोडत नाही. कानस कठीण, सळई चिवट. हिऱ्याइतका कठीण नैसर्गिक पदार्थ नाही, तरी हातोडीच्या एका घावाने तो फुटतो.

हे दोन गुण मोजायच्या रीतीही वेगळ्या आहेत. काठिण्य मोजताना पदार्थावर काहीतरी टोचून खळगा केवढा पडतो ते बघतात. स्वीडनच्या ब्रिनेलने १९०० साली त्यासाठी १० मिलिमीटरची गोळी वापरली, रॉकवेल या दुसऱ्या पद्धतीच्या 'सी' मापात हिऱ्याचा शंकू असतो. चिवटपणासाठी मात्र खाच पाडलेल्या तुकड्यावर लोलकाचा घाव घालतात आणि तो मोडायला किती ऊर्जा खर्ची पडली ते जूलमध्ये वाचतात. एकात टोचणं, दुसऱ्यात मोडणं.

आपल्या स्वयंपाकघराला हा फरक केव्हाचा ठाऊक आहे. चिक्की दाताला टणक लागते, पण कट्कन मोडते. सादळलेला पापड मऊ, तरी तुटत नाही, त्याला आपण वातड म्हणतो. वातड हा शब्द मला फार आवडतो, पण तो खाण्याच्या पदार्थांनाच शोभतो. चिवट मात्र चामड्यालाही चालतो, वेलीलाही आणि माणसालाही, म्हणून धातूला तोच घ्यावा.

आता फिटरांचा 'कडक'. मी वागळे इस्टेटमध्ये बरीच वर्षं टूलरूममध्ये काढली, आम्हीही तेच म्हणायचो. पोलाद लाल होईपर्यंत, साधारण ८०० अंशांच्या पुढे तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवायचं. लोहार याला 'पाणी देणं' म्हणतो, आणि हार्डनिंगला याहून सुंदर शब्द मला माहीत नाही. पाणी दिलेलं पोलाद अतिशय कठीण होतं आणि तितकंच ठिसूळही. एकदा घाईत असाच एक पंच (पत्र्याला भोक पाडायचं हत्यार) पुन्हा न तापवता थेट प्रेसला लावला गेला, आणि पहिल्याच दणक्याला त्याचे दोन तुकडे झाले. दोनेकशे अंशांवर परत तापवला असता तर काठिण्य थोडंसं उतरलं असतं, पण चिवटपणा आला असता. 'कडक'मध्ये मला ते कडकन मोडणं ऐकू येतं, म्हणून फिटर चुकत नाहीत, त्या अवस्थेला त्यांचा शब्द नेमका बसतो. पण कडक चहा, कडक इस्त्री, कडक ऊन असा सगळीकडे फिरणारा शब्द मोजायच्या राशीला देऊ नये.

'काठिण्य'लाही दुसरा अर्थ आहेच, प्रश्नपत्रिकेची काठिण्यपातळी आपण रोज वाचतो. पण संदर्भ इतका वेगळा आहे की घोटाळा होत नाही. लिहिताना एवढं सांभाळा : 'कठीण'मधला ठी दीर्घ, 'काठिण्य'मधला ठि ऱ्हस्व. 'काठीण्य' चूक.

'स्ट्रेंग्थ' हा तिसराच गुण, त्याला बळ किंवा सामर्थ्य म्हणा. साध्या पोलादात ब्रिनेलच्या आकड्याला सुमारे साडेतीनने गुणलं की ताण सोसायचं बळ मेगापास्कलमध्ये अंदाजे मिळतं, त्यामुळे कठीण म्हणजेच बळकट असा समज होतो. बिडासारख्या (कास्ट आयर्न) ठिसूळ धातूला तोच गुणाकार लावला तर उत्तर चुकतं.

मुलीच्या जर्नलमध्ये वाक्य असं येऊ द्या : 'पाणी दिल्यावर पोलादाचं काठिण्य वाढलं, चिवटपणा घटला.'