सिकंदर मेल्यावरही त्याच्या सेनापतींनी नाण्यांवर त्याचाच चेहरा का छापला? आदर म्हणून का?

आदर कसला, गरज होती. इ.स.पू. ३२३ मध्ये सिकंदर बॅबिलोनमध्ये वारला, सावत्र भाऊ आणि तान्हा मुलगा नावाला राजे झाले, दोघांचेही पुढे खून झाले, आणि उरले ते सगळे सेनापती, राजघराण्यातलं कोणीच नाही. मग सांगणार काय? एकतर लढाई जिंकलो, किंवा सिकंदरचा खरा माणूस मीच. टॉलेमीने तर त्याचं शवच इजिप्तला पळवलं आणि नाण्यावर हत्तीचं कातडं डोक्यावर घेतलेला सिकंदर आणला.

माझ्या मामांशी यावरूनच जुना वाद आहे. त्यांच्या संग्रहात लायसिमॅकसचं, म्हणजे त्याच सेनापतींपैकी एकाचं, चांदीचं नाणं आहे, चार ड्राक्माचं, आणि खाली चिठ्ठी लावलीय ‘सिकंदरचं नाणं’. दिवाळीला घर भरलेलं असताना ते सगळ्यांना दाखवत होते, मी म्हटलं मामा जरा उलटं करा ना. पुढे सिकंदर आहेच, कानावर इजिप्तच्या अमॉन देवाचं मेंढ्याचं शिंग, म्हणजे थेट देवाचा मुलगा, पण मागे ग्रीक देवी अथेना बसलीय, तिच्या हातावर विजयाची देवी नाइके, आणि ती हार घालतेय तो ‘राजा लायसिमॅकस’ या अक्षरांना! सिकंदर नुसता साक्षीला, मुकुट दुसऱ्यालाच. मामा म्हणाले, “चेहरा ज्याचा नाणं त्याचं, तू लहान आहेस अजून.” सगळे हसले. मला ते आजही पटत नाही.

चेहऱ्यावरून ठरवायचं तर आपल्या नाशिकजवळ जोगळटेंबीला १९०६ मध्ये सापडलेल्या हजारो नाण्यांचं काय करणार? क्षत्रप राजा नहपानाच्या चेहऱ्यावरच त्याला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे मारलेत, खालचा चेहरा अजून डोकावतो, म्हणून ते राज्य नहपानाचं राहिलं का?

बाकी सगळ्यांनीच सिकंदर छापला असं नाही हां. सायप्रसची सागरी लढाई जिंकून सेनापती अँटिगोनस आणि त्याचा मुलगा डिमिट्रियस इ.स.पू. ३०६ मध्ये राजे झाले, तर डिमिट्रियसने जहाजाच्या पुढच्या टोकावर उभी नाइके छापली आणि नंतर स्वतःचा चेहरा. टॉलेमीनेही राजा झाल्यावर स्वतःचाच आणला, शिवाय चांदीच्या नाण्याचं वजन १७ ग्रॅमवरून उतरवत १४ च्या आसपास नेलं आणि राज्यात परकं नाणं चालू दिलं नाही. आणि स्वतः सिकंदरच्या हयातीत त्याच्या नेहमीच्या चांदीच्या नाण्यांवर ग्रीक पुराणातला वीर हेराक्लिस असायचा.

तेव्हा नाणं हातात आलं की आधी मागची अक्षरं वाचा, आणि घरातलं मोठं माणूस चिठ्ठी दाखवून गप्प बसवत असेल तर बसू नका.