केसपेपरवरची एक ओळ

प्रश्न : ताई, माझे दीर 44 वर्षांचे आहेत. गेली वीस वर्षं दिवसाला आठ-दहा खर्रे (सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला) खातात. सासूबाईंनी शपथा घातल्या, जाऊबाई दोनदा माहेरी जाऊन बसल्या, काही उपयोग झाला नाही. मागच्या महिन्यात गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन सरकारच्या महात्मा फुले योजनेतून मोफत होणार आहे. तरी वरच्या खर्चाला लागतील म्हणून आमचे हे मुलीच्या शिक्षणाची तीन लाखांची एफडी मोडायला निघालेत. मी शाळेत क्लार्क आहे, माझ्या पगारातून टॅक्स कापला जातो. म्हणजे सरकारच्या हातानंही मीच भरायचं आणि घरातूनही मीच? खर्रा ज्यानं खाल्ला त्यानंच बिल भरू नये का? असं विचारलं की घरात मी दुष्ट ठरते.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : दुष्ट कशानं? सरकारी रुग्णालयात मी 29 वर्षं समाजसेवा अधीक्षक होते. बिलमाफीचे अर्ज माझ्या टेबलावर यायचे आणि तुमचाच प्रश्न रोज माझ्या जिभेवर यायचा. अर्जदाराच्या खिशातली खर्ऱ्याची पन्नी बाहेर डोकावत असायची आणि वर तो म्हणायचा, "मॅडम, दोनशे रुपयेही नाहीत न." राग यायचाच.

पण "ज्याची चूक त्याचं बिल" हा नियम प्रत्यक्षात कसा चालतो, तेही मी पाहिलंय. खाजगी आरोग्यविम्यात तो आहेच. दारू किंवा इतर व्यसन आणि त्याचे परिणाम यांवरच्या उपचाराचा खर्च मिळत नाही, असं कलम पॉलिसीत छापलेलं असतं. आमच्या कॉलनीतल्या एका निवृत्त मास्तरांचा मुलगा कावीळ झाली म्हणून खाजगी रुग्णालयात भरती झाला. रात्री अकराला मास्तरांचा फोन. आयुष्यात कुणाची खोटी हजेरी लावली नाही असा माणूस मला विनवत होता, "ताई, तुमची ओळख आहे, केसपेपरवरची दारूची तेवढी ओळ लिहू नका म्हणावं." माझ्या ओळखीची गरजच पडली नाही. दाखल करून घेताना सगळ्या घरानं "घेत नाही" म्हणून सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी पोराचे हात थरथरायला लागले, तो भिंतीवरचे किडे झटकायला लागला. दारू एकदम तुटली की असं होतं आणि त्यावर वेगळं औषध असतं. ड्यूटीवरच्या डॉक्टरला ते कळायला अर्धा दिवस गेला, कारण कागदावर माणूस निर्व्यसनी होता. मुलगा वाचला. मास्तर मात्र पुढे मला रस्त्यात टाळायला लागले.

तुमच्या दिरांना "खर्रा किती?" असं विचारल्यावर त्यांनी खरा आकडा सांगितला असेल, तर तो योजनेच्या फॉर्मवर सवयीप्रमाणे पैसे कापायचा रकाना नाही म्हणून. उद्या तसा रकाना आला, तर लाल दातांचा माणूसही "सुपारीसुद्धा नाही खात" म्हणेल.

आणि हिशोब नेमका कुणाचा निघेल? आमच्या ह्यांनी पंचवीस वर्षं सिगारेट ओढली. त्यांच्या ॲन्जिओप्लास्टीचं बिल मी नोकरीत असताना वैद्यकीय प्रतिपूर्तीत टाकलं आणि ते मंजूर होऊन आलं. सिगारेटींचं कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मिश्रीचा डबा सासूकडून सुनेकडे आलेली बाई, रोज तर्रीपोहे हाणणारा हेडक्लार्क, हेल्मेट डिकीत ठेवून डोकं फोडून घेणारा कॉलेजचा पोरगा, या सगळ्यांची बिलं मी पाहिलीत. व्यसनाबद्दल बोलणी मात्र ज्याची पन्नी दिसते त्यालाच बसायची. मीच द्यायचे.

वसूल करायचं तर टपरीवर करा, याला माझी ना नाही. पाकीटबंद तंबाखूवर 2017 पासून 28 टक्के जीएसटी आणि वर उपकर होता. आता पन्नीत घोटून दिलेल्या खर्ऱ्याची पावती मागून बघा! राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, आणि शाळेच्या कोपऱ्यावर काय काय मिळतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

एफडीचं म्हणाल तर ती मोडू नका. सरकारनं दिरांचा उपचार करावा म्हणजे तुमच्या लेकीनं तो करावा असं होत नाही. योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत कवच आहे आणि ऑपरेशनबरोबर किमो, रेडिएशनही त्यात बसतं. तीन लाख नेमके कशाला लागणार, हे तुमच्या ह्यांना कागदावर मांडायला लावा. निम्मी रक्कम भीतीची असते. मंजूर झालेल्या उपचारासाठी कुणी वेगळे पैसे मागितले, तर देण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, गाठा. मोठ्या धर्मादाय रुग्णालयात जावं लागलं, तर तिथे दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात, हेही लक्षात असू द्या. त्यानंतरही कमी पडले, तर दिरांच्या नावावर गाडी, प्लॉट काही असेल त्यापासून सुरुवात होऊ द्या. यात शिक्षेचा भाग नाही, कोणत्याही आजारपणात मी हेच सांगितलं असतं.

खरा खर्च वेगळाच निघतो. नाकातल्या नळीतून द्यायचं पातळ जेवण, रेडिएशनच्या फेऱ्या, जाऊबाईंचे बुडालेले रोज. त्यासाठी पाच-सहा महिने ठरावीक रक्कम जाऊबाईंच्या हातात द्या, दिरांच्या नाही. ऑपरेशननंतर खर्रा पूर्ण बंद, ही अट डॉक्टरच घालतील. तुम्ही घातलीत तर ती पैशाची अट होईल आणि खर्रा न्हाणीघरात जाईल.

एक विचारायचं राहिलं. दिरांना मुलगा आहे का? असला तर त्याला समोर बसवा आणि स्वतःचीच तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालायला सांगा. जात नसतील, म्हणजे तोंड पुरतं उघडत नसेल, किंवा तिखटानं गालाची आग होते म्हणत असेल, तर रागावू नका, खिसे तपासू नका. त्याच आठवड्यात त्याला शासकीय दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत घेऊन जा.