गोशे आजाराच्या औषधाचा अभ्यास जेमतेम १२ रुग्णांवर! भरवसा ठेवावा का?

ताई, कणकवलीच्या तुमच्या भाच्याला टाइप १ गोशे, म्हणजे शरीरात एक एन्झाइम (पाचक द्रव्य) कमी पडणारा जन्मजात आजार, निघालाय आणि त्याच एन्झाइमच्या सलाइनचा मूळ अभ्यास १२ जणांवरच झाला, म्हणून तुम्ही बिचकलात. अहो, रोगच दुर्मीळ, हजार रुग्ण आणायचे कुठून? १९९१च्या त्या अभ्यासात बाराही जणांचं हिमोग्लोबिन वाढलं, सुजलेली प्लीहा आकसली. हे आपोआप होत नाही, म्हणून आकडा छोटा तरी पुरावा दमदार. मात्र हे औषध मेंदूत पोचत नाही. टाइप २-३ मध्ये मेंदूलाही झळ पोचते; तो असता तर मी एवढ्या खात्रीने बोललो नसतो. परळच्या केईएममध्ये दुर्मीळ आजारांचं केंद्र आहे, सरकारी धोरणातून ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. तुतारी एक्सप्रेसने दादरला उतरा. जुन्या सोनोग्राफीचे रिपोर्ट पिशवीत हवेतच, प्लीहा किती सेंटिमीटर उतरली ते त्यावरूनच कळतं.