पिकअप उंच करण्याआधी
भाऊ, मागच्या पाट्यांखाली (कमानींखाली) ब्लॉक घालून पिकअप कायमची उंच करायची, तर आधी जागा बघ. आपल्या तापीकाठच्या काळ्या मातीत जॅक बघता बघता रुततो, म्हणून गाडी सिमेंटच्या कोब्यावर घे. पुढच्या चाकांना ठोकळे लाव, चेसिस स्टँडवर टेकव. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरूच नकोस!

पाटे अ‍ॅक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट नवेच घाल. जुने ताणलेले असतात, पुन्हा धड आवळले जात नाहीत. पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं ब्लॉकच्या भोकात बसलंय का, ते बोटाने चाचप. टॉर्क पान्याने आलटून-पालटून आवळ, शंभरेक किलोमीटरनंतर परत बघ. ब्रेकचा होज ताणला जात असेल तर लांबच टाक, इथे काटकसर नको. चाकांची अलाइनमेंट आलीच.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, मंजुरीशिवाय गाडीत असे बदल चालत नाहीत, म्हणून आरटीओत आधी विचार. आणि रावेरहून केळी भरलीस की वळणावर सावकाश. उंच गाडी लवकर कलते.