घाटात गटाने बाइक चालवताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आम्ही दहाजण एका दिवसात जाऊन-येऊन डोंगरातल्या आडरस्त्यांनी फिरणार आहोत. वळणांवर गाड्या कशा ठेवायच्या? मोबाइलला रेंज नसेल तर फाट्यावर कोणी चुकू नये म्हणून काय करावं?

आधी दहाचे पाच-पाच करा आणि दोन गटांत दहा मिनिटांचं अंतर ठेवा. अरुंद रस्त्यावर दहा गाड्यांची माळ मागच्या मोटारीला एका दमात ओलांडता येत नाही. ती मध्येच घुसते आणि गट कसाही तुटतो.

सरळ रस्त्यावर एकाआड एक, तिरकस चाला: तिरक्या पुढच्यापासून १ सेकंद, आपल्याच रेषेतल्या पुढच्यापासून २ सेकंद. वळणं सुरू झाली की ही मांडणी मोडून एकामागे एक व्हा, कारण वळताना प्रत्येकाला लेनची पूर्ण रुंदी लागते. एका कडेला बांधलेल्या रायडरपुढे बारीक खडी आली तर त्याला सरकायला जागाच नसते. अंतर किमान २ सेकंद, म्हणजे ताशी ४० किमीला सुमारे २२ मीटर आणि ६० ला ३३ मीटर. रस्ता ओला असेल तर दुप्पट.

गट तुटतो तो बहुतेक वेळा हेअरपिननंतर, म्हणजे उलट दिशेला फिरवणाऱ्या तीव्र वळणानंतर. लीडर बाहेर पडून गाडी पळवतो, तेव्हा मागचे अजून वळणातच असतात. मग ती फट भरून काढायला प्रत्येकजण थोडा जास्त वेग घेतो आणि शेवटच्याला सगळ्यात जास्त घ्यावा लागतो. लीडरने वळणातून निघाल्यावर मागचे सगळे सरळ रस्त्याला लागेपर्यंत वेग वाढवू नये. नवख्याला ‘येऊ दे हळूहळू’ म्हणून शेवटी ठेवतात, ते याचसाठी चूक. त्याची जागा लीडरच्या लगेच मागे. शेवटी, म्हणजे स्वीप म्हणून, अनुभवी आणि हत्यारं बाळगणारा माणूस हवा.

फाट्यांसाठी सोपी पद्धत आहे. वळायचं असेल तिथे दुसऱ्या क्रमांकाचा रायडर थांबतो. गाडी रस्त्याच्या बाहेर, पण लांबून दिसेल अशी लावतो आणि मागून येणाऱ्यांना दिशा दाखवतो. स्वीप आला की त्याच्या पुढे गटात शिरतो. स्वीप येईपर्यंत जागा सोडायची नाही, कितीही वेळ लागो. स्वीप कोण हे सगळ्यांना लांबून ओळखू यावं, म्हणून त्याला भडक रंगाचं जॅकेट द्या. पाचजणांच्या गटात खुणेला उभे राहायला तिघंच मिळतात. लागोपाठ चौथा फाटा आला तर तिथे लीडरनेच थांबायचं. या पद्धतीत ओव्हरटेक बंद, नाहीतर दुसरा कोण यावरच घोळ होतो.

प्रश्न: लांब उतारावर माझ्या मागच्या डिस्क ब्रेकचं पेडल मऊ होऊन खालपर्यंत गेलं. अर्ध्या तासाने आपोआप ठीक झालं. मेकॅनिकला काहीच सापडलं नाही. असं का व्हावं?

ब्रेक ऑइल उकळलं. नवं डॉट ४ दर्जाचं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी शोषतं आणि मग हा आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. उतारभर पेडलवर पाय टेकलेला असला की तेवढी उष्णता कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागात, सहज जमते. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पेडल रिकामं जातं. गार झालं की वाफेचं पुन्हा द्रव होतं आणि गॅरेजमध्ये सगळं ठाकठीक दिसतं.

ऑइल दर दोन वर्षांनी बदला, मग गाडी कमी चाललेली असली तरी. बदलताना हवा नीट काढून घ्या. पेडल न दाबताही चाक अडखळत असेल तर पेडलचा प्ले (ब्रेक लागण्याआधीची मोकळी हालचाल) आणि कॅलिपरच्या पिना तपासा. पिना सुकून अडकल्या की पॅड सतत घासत राहतात.

उताराला गिअर साधारण तोच ठेवा, जो तो चढ चढायला लागला असता. न्यूट्रलमध्ये किंवा क्लच दाबून उतरणं म्हणजे सगळं ओझं ब्रेकवर टाकणं. वळणाआधी दोन्ही ब्रेक थोडा वेळ ठाम दाबा, वेग उतरवा आणि पूर्ण सोडा. सतत हलका दाब सगळ्यात वाईट, डिस्कला गार व्हायला उसंत मिळत नाही. पेडल मऊ लागलंच तर भराभर पंप करा, पुढचा ब्रेक वापरा, एकेक गिअर उतरवत थांबा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकू शकते.

ड्रम ब्रेकला हे ऑइल नसतं. तिथे ड्रमला आतून घासणारे लायनर तापून पकड सोडतात, उपाय मात्र तोच.

प्रश्न: पेट्रोल कुठे भरायचं ते कसं ठरवावं?

सगळ्यात लहान टाकीवरून. तिच्या नेहमीच्या पल्ल्याचे ६० टक्के धरा, कारण खालच्या गिअरमध्ये चढताना पेट्रोल जास्त जातं. थांबलात की सगळ्यांनीच भरायचं, टाकी अर्धी असली तरी.

प्रश्न: दहाजणांत हत्यारांचा एकच संच पुरेल?

पुरेल, पण आदल्या दिवशी प्रत्येक गाडीच्या दोन्ही चाकांच्या अ‍ॅक्सल नटांवर पाना लावून बघा. ट्यूबलेससाठी रीमर (पंक्चरचं भोक साफ करणारी सळई), ते भोक बुजवणाऱ्या रबरी दोऱ्या आणि पंप हवा. दोरी फक्त टायरच्या नक्षीच्या भागात घाला, बाजूच्या भिंतीत नाही. ट्यूबवाल्या गाड्या असतील तर त्यांच्या मापाच्या ट्यूब आणि टायर काढायच्या पट्ट्या घ्या. दोन गट केलेत तर संचही दोन लागतील, एकेक प्रत्येक गटाच्या स्वीपकडे.