सिंगापूरमध्ये घरापासून मेट्रोपर्यंत छत्री न उघडता जाता येतं, ते कसं जमवलंय? आपल्याकडे करायचं तर काय बघावं?

छत उभं करणं यातलं सोपं काम. अडतं ते जोडांवर. समजा, तुमच्या सोसायटीपासून स्थानक ३५० मीटरवर आहे. त्यातली चार मीटर वाट जरी उघडी राहिली, तरी माणूस घरातून छत्री घेऊनच निघणार.

सिंगापूरला एक मोठा फायदा आधीच होता. तिथले बहुतेक लोक एचडीबीच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींत राहतात आणि या इमारतींचा तळमजला बहुधा मोकळा असतो. त्याला व्हॉइड डेक म्हणतात. वाटेचा बराच भाग इमारतींखालूनच जातो, मधली अंतरं तेवढी ‘कव्हर्ड लिंकवे’ने, म्हणजे छत असलेल्या जोडवाटेने सांधायची. २०१३ साली तिथल्या वाहतूक प्राधिकरणाने ‘वॉक टू राइड’ योजना आणली. एमआरटी (तिथली मेट्रो) स्थानकापासून ४०० मीटरच्या आत, आणि बस इंटरचेंज, एलआरटी (हलकी रेल्वे) स्थानक किंवा गर्दीच्या बसथांब्यापासून २०० मीटरच्या आत येणाऱ्या शाळा, दवाखाने, वस्त्या यांच्यापर्यंत छत न्यायचं ठरलं. २०० किलोमीटरचं उद्दिष्ट २०१८ मध्ये पुरं झालं.

आता मोजमापं. सर्वांत जास्त चूक उंचीत होते. छत उंच केलं की छान दिसतं, पण झड आत येते. पाऊस उभ्या रेषेपासून ३० अंश तिरपा असेल, तर ३ मीटर उंच छताखाली तो १.७ मीटर आत शिरतो. वाट ३ मीटर रुंद असली तर कोरडी पट्टी उरते १.३ मीटर, कशीबशी दोन माणसांपुरती. तेच छत ४ मीटरवर नेलं की उरतात ७० सेंटिमीटर. म्हणून उंची रुंदीपेक्षा जास्त होऊ द्यायची नाही. गाड्यांचा रस्ता ओलांडताना मात्र उंच गाड्या खालून जातील इतकं छत वर न्यावंच लागतं. तिथे ते दोन्ही बाजूंनी रुंदही करा, नाहीतर ते नुसतं शोभेचं.

उंच छत आणि बुटकं छत जिथे भेटतात, तिथे वरचं छत खालच्यावर निदान अर्धा मीटर पुढे आलं पाहिजे. दोन्ही छतं एकमेकांना घट्ट जखडू नका. पाये वेगळे असतात, पत्रा उन्हात वाढतो, आणि सांधा वर्षभरात गळायला लागतो. मधे पत्र्याची सैल पट्टी ठेवावी.

पाण्याचा हिशेब आधी करा. ३ मीटर रुंद, ५० मीटर लांब छत म्हणजे १५० चौरस मीटर. तासाला १०० मिलिमीटरच्या सरीत त्यावरून मिनिटाला २५० लिटर पाणी उतरतं. पन्हळ नसेल तर हे सगळं पागोळ्यांनी वाटेच्या कडेवर पडून पायांवर उडतं. पाणी उतरवायचा पाइप खांबाच्या पोटात लपवण्याचा मोह टाळा. वर पर्जन्यवृक्ष असेल तर त्याची बारीक पानं पन्हळीत लगदा होऊन बसतात, पाइप तुंबतो, पाणी खांबात साचतं आणि खांब तळाशी गंजतो. बाहेरून दिसणारा, उघडून साफ करता येणारा पाइप घ्या आणि तो थेट गटारात सोडा, फरसबंदीवर नाही.

खांबांच्या जागा कागदावर पक्क्या करू नका. पदपथाखाली विजेच्या केबल, जलवाहिन्या असतात, त्यामुळे आधी चाचणीखड्डे खणून बघावं लागतं. गटाराच्या झाकणावर तर खांब उभा राहतच नाही. जागा अरुंद असेल तर एकाच रांगेत खांब लावून छत एका बाजूला पुढे काढतात. मग पाया मोठा लागतो, खर्चही वाढतो.

आपल्याकडची खरी अडचण रुंदीची आहे. इंडियन रोड्स काँग्रेस, ही रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था, पदपथाला चालण्याजोगी किमान १.८ मीटर रुंदी सांगते. एवढ्या रुंदीवर छत अडीच मीटर उंच धरलं तरी झड जवळजवळ सगळी वाट भिजवते. पण कोकणपट्टीत, मुंबई-ठाण्यात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे: पावसाळ्यातलं वारं मुख्यतः पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतं. त्या बाजूला आडव्या पट्ट्यांची जाळीदार पडदी लावली तर अरुंद वाटही वापरता येते. पडदी बंदिस्त नको. वाऱ्याचा दाब वाढतो, आणि रात्री एकट्या बाईला आत कोण उभं आहे ते दिसलं पाहिजे. स्कायवॉकचा, म्हणजे रस्त्यावरून उंच जाणाऱ्या पादचारी पुलाचा मोह धरू नका. मुंबईत २००८ पासून ते झाले, पण गुडघे दुखणाऱ्याला जिना चढण्यापेक्षा भिजणं परवडतं. वाट जमिनीवरच असू द्या आणि चढ आलाच तर १ मीटर उंचीला १२ मीटर लांबीचा उतार ठेवा.

सुरुवात नकाशाने करा. सोसायटीपासून स्थानकापर्यंत जमीन कुठे कुणाची आहे ते रंगवा: सोसायटी, महापालिका, मेट्रो. रंग जिथे बदलतो तिथेच छत तुटतं, कारण तो सांधा कुणाच्याच निविदेत नसतो. सांधा कोण बांधणार आणि पन्हळ कोण साफ करणार, हे पहिला खांब रोवण्याआधी लेखी घ्या.